सामन्यापूर्वीचा ताठरपणा

छत्तीसगडमधील भिलाई हे नगर पोलादाच्या कारखान्यामुळे नावारूपास आले. तेथील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कार्यान्वित झाली, आणि कारखान्याच्या आसऱ्याने देशाच्या अनेक प्रांतांतील माणसे येऊन वसली. त्यांत नागपूर-विदर्भाकडील मराठी कुटुंबेही होती. भिलाईच्या कोहका या भागात राहणाऱ्या अशाच एका कुटुंबातील चौदा वर्षांच्या मुलीची आपण कल्पना करू. ती शाळेत टेबल टेनिस खेळते. सरावाच्या वेळी तिचा हात इतका सहज फिरतो की पाहणाऱ्यास चेंडू जणू तिच्या सांगण्याप्रमाणे पडतो असे वाटावे.

आज मात्र आंतरशालेय स्पर्धेतील तिचा पहिला सामना आहे. नाव पुकारले जाण्यास दहा मिनिटे उरली आहेत. तिच्या पोटात गोळा आला आहे, घशाला कोरड पडली आहे, हाताचे तळवे गार पडून ओले झाले आहेत. खांदे नकळत कानांकडे चढले आहेत. सामना सुरू होतो आणि पहिलेच तीन चेंडू जाळ्यात जातात. बाकावर बसलेले आजोबा न राहवून म्हणतात, “अगं, हात सैल सोड की!” ती सैल सोडू पाहते, पण हात अधिकच आखडतो. सामना संपल्यावर ती घरी जाऊन म्हणते, “आजोबा, मला सामने खेळता येत नाहीत. माझ्यात ते नाहीच.”

या पुस्तिकेचा विषय त्या शेवटच्या वाक्याशी संबंधित आहे. असे वाक्य उच्चारून अनेक मुले खेळ सोडून देतात, आणि मोठी माणसेही त्यांना ‘भित्री’ म्हणून मोकळी होतात. वस्तुतः त्या मुलीच्या हातात जे घडले ते भित्रेपणाचे लक्षण नव्हे आणि कौशल्याच्या अभावाचेही नव्हे. ती शरीराची एक जुनी, उपयुक्त, परंतु या खेळाच्या दृष्टीने अस्थानी अशी तयारी होय. ती कशी घडते हे समजून घेतले तर तिला आवर घालण्याचे उपायही सापडतात.

शरीराची जुनी तयारी

मनुष्याच्या शरीरात काही व्यापार असे आहेत की ते त्याच्या इच्छेवर अवलंबून नसतात. हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, पचन, घाम या सर्वांचे नियमन स्वायत्त मज्जासंस्था करते. या संस्थेचे दोन प्रमुख विभाग आहेत. एकास अनुकंपी विभाग म्हणतात. तो शरीरास धावपळीसाठी सज्ज करतो. दुसरा परानुकंपी विभाग. तो विश्रांती, पचन आणि झीज भरून काढणे या कामांकडे पाहतो. घरातील एक जण बाहेरच्या धावपळीचा आणि दुसरा स्वयंपाकघराचा भार वाहतो, तशीच ही विभागणी समजावी.

संकटाची चाहूल लागताच अनुकंपी विभाग पुढे सरसावतो. मूत्रपिंडांच्या वरच्या टोकांस असलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलीन हे द्रव्य रक्तात सोडतात. हृदय जलद चालू लागते. त्वचेकडील आणि जठर-आतड्यांकडील रक्तप्रवाह कमी होऊन तो मोठ्या स्नायूंकडे वळविला जातो. श्वास उथळ व जलद होतो. स्नायू ताणले जातात. हार्वर्ड विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी या सर्व बदलांचे सुसंगत वर्णन १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले. प्राणी लढावयास किंवा पळावयास सिद्ध होतो, तेव्हाची ही अवस्था होय. त्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, नव्यानेच शोध लागलेल्या क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराच्या हालचाली पाहत असताना कॅनन यांना असे आढळले होते की मांजर घाबरले किंवा चिडले की जठराच्या हालचाली थांबतात. आपण ‘पोटात गोळा आला’ असे म्हणतो, त्यामागे पचनेंद्रियांच्या नित्य व्यापारात पडणारा असाच खंड असतो. तळवे गार पडतात ते त्वचेतील रक्तवाहिन्या आकसल्यामुळे, आणि ओले होतात ते घर्मग्रंथी उद्दीपित झाल्यामुळे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. शरीरास वाघ आणि पंच यांतील भेद चटकन कळत नाही. ‘काहीतरी महत्त्वाचे पणास लागले आहे’ एवढाच निरोप त्यास पोचतो, आणि त्याला जी एक तयारी ठाऊक आहे ती तो करतो. वाघापासून पळावयाचे असेल तर ही तयारी अमोल आहे. शंभर मीटर धावणाऱ्यास किंवा वजन उचलणाऱ्यासही ती पुष्कळशी उपकारक ठरते. परंतु ज्या खेळात २.७ ग्रॅम वजनाचा चेंडू मनगटाच्या नाजूक वळणाने टेबलाच्या एका कोपऱ्यात ठेवावयाचा असतो, त्या खेळात तीच तयारी विघ्न होऊन बसते.

एका गाडीस दोन्हीकडून बैल

स्नायू फक्त ओढू शकतो. ढकलू शकत नाही. म्हणून सांध्याच्या दोन बाजूंस परस्परविरोधी स्नायूंच्या जोड्या असतात. कोपर वाकविणारा द्विशिरस्क स्नायू दंडाच्या पुढच्या बाजूस असतो, तर ते सरळ करणारा त्रिशिरस्क स्नायू मागच्या बाजूस असतो. एकाने ओढावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने ढिले पडावे, तरच हालचाल सुरळीत होते. ही देवाणघेवाण मज्जारज्जूतच कशी घडवून आणली जाते, हे इंग्लंडचे शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्रयोगांनी दाखविले. मज्जापेशींच्या कार्याविषयीच्या संशोधनाबद्दल त्यांना १९३२ साली नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला.

मन धास्तावले की ही देवाणघेवाण बिघडते. दोन्ही स्नायू एकाच वेळी आकुंचन पावू लागतात. गाडीस पुढून एक आणि मागून एक असे बैल जुंपले तर दोन्ही बैल थकतात आणि गाडी जागची हलत नाही; तद्वत हात ताठ होतो, शक्ती खर्च होते आणि वेग मात्र येत नाही. १९७६ साली रॉबर्ट वाइनबर्ग आणि व्हॅलेरी हंट या संशोधकांनी महाविद्यालयीन तरुणांस लक्ष्यावर चेंडू फेकावयास लावून त्यांच्या हाताच्या स्नायूंतील विद्युत्-संकेतांची नोंद घेतली. स्वभावतः अधिक धास्तावणाऱ्या तरुणांच्या बाबतीत फेकण्यापूर्वी, फेकताना आणि फेकल्यानंतरही स्नायूंत अधिक शक्ती खर्च होत होती, आणि परस्परविरोधी स्नायू एकदम आकुंचन पावत होते. म्हणजे ‘हात आखडला’ ही नुसती भावना नव्हे. ती मोजता येण्याजोगी घटना आहे.

वाचकाने स्वतः एक प्रयोग करून पाहावा. हातात रॅकेट किंवा तेवढ्याच जाडीची एखादी लाकडी पट्टी घ्यावी. ती सैल धरून मनगट डावी-उजवीकडे, वर-खाली फिरवावे. मग मूठ शक्य तितकी घट्ट आवळून तीच हालचाल करून पाहावी. मनगट एकाएकी जड झाल्याचे जाणवेल. याचे कारण असे की बोटे मिटविणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात, आणि त्यांचे कंडरे मनगटावरून पुढे जातात. मूठ आवळली की मनगट स्थिर ठेवण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू कामास लागतात. म्हणून टेबल टेनिसमध्ये ताणाची पहिली वर्दी बहुधा मुठीत मिळते.

टेबलावरचा हिशेब

हा ताठरपणा इतर खेळांपेक्षा येथे अधिक का भोवतो, हे थोड्या गणिताने स्पष्ट होईल. टेबलाची लांबी २.७४ मीटर आणि जाळ्याची उंची १५.२५ सेंटिमीटर असते. ताठरलेल्या मनगटामुळे चेंडूची दिशा केवळ ३ अंशांनी चुकली, तर अडीच मीटर अंतरावर तो सुमारे १३ सेंटिमीटर बाजूस जातो. ही चूक वर-खाली झाली तर ती जाळ्याच्या उंचीशी बरोबरी करू पाहते; म्हणजे नीट गेला असता तो चेंडू जाळ्यात तरी अडकतो किंवा टेबलाबाहेर तरी जातो.

वेळेचा हिशेबही असाच काटेकोर आहे. सेकंदास १० मीटर वेगाने येणारा चेंडू ३ मीटर अंतर ०.३ सेकंदात कापतो. डोळ्यांनी एखादी खूण पाहून साधी हालचाल सुरू करावयास मनुष्यास सामान्यतः ०.२ सेकंद लागतात. उरलेल्या दशांश सेकंदात विचार करून ठरविण्यास वाव नसतो. हालचाल आधीच शिकलेली असावी लागते आणि तिला मोकळा मार्ग मिळावा लागतो.

शिवाय डाव आता लहान झाला आहे. पूर्वी तो २१ गुणांचा असे; २००१ सालापासून तो ११ गुणांचा झाला. हात मोकळा होईपर्यंत चार-पाच गुण गमावणे पूर्वी परवडत असे. आता तेवढ्या अवधीत निम्मा डाव हातचा जातो. म्हणून सामन्यापूर्वीच शरीर सैल करून घेणे आज अधिकच अगत्याचे झाले आहे.

थोडा ताण हवाच

याचा अर्थ ताण मुळीच नसावा असा मात्र नाही. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स व जॉन डॉडसन यांनी उंदरांवर प्रयोग केले. उजळ आणि अंधारी अशा दोन पेट्यांतून योग्य पेटी ओळखावयास शिकविताना चुकीबद्दल विजेचा हलका धक्का दिला जाई. पेट्यांतील फरक ठळक असता जोरदार धक्क्यानेही उंदीर लवकर शिकत. परंतु फरक सूक्ष्म असता मध्यम किंवा त्याहून सौम्य धक्काच उपयोगी पडे, आणि धक्का वाढविल्यास शिकणे मंदावे. उंदरांवरील निष्कर्ष मनुष्यास जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल. तथापि सोपे, जोराचे काम पुष्कळ उत्तेजना सहन करते आणि नाजूक काम थोडीच सहन करते, हा अनुभव शिक्षक, गवई आणि खेळाडू या सर्वांना परिचित आहे. अगदीच थंड असलेला खेळाडू चेंडूपर्यंत वेळेवर पोचत नाही. म्हणून धडधड नाहीशी करणे हे आपले ध्येय नसून ती पायांना मिळावी आणि मनगटाला न मिळावी, हे ध्येय असले पाहिजे.

या दृष्टीने आणखी एक शोध उद्बोधक आहे. २०१४ साली हार्वर्ड येथील संशोधिका ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी गाणे, भाषण आणि गणित अशा प्रसंगांपूर्वी लोकांच्या मनःस्थितीचा अभ्यास केला. ‘मी शांत आहे’ असे स्वतःस बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधडणारे हृदय भीतीचे असते तसेच उत्सुकतेचेही असते. खोटी शांतता पांघरण्यापेक्षा त्या धडधडीस योग्य नाव देणे सोपे जाते.

मन मध्येच हात घालते

ताठरपणास आणखी एक कारण आहे. ते स्नायूंत नसून लक्ष देण्याच्या रीतीत आहे. जिना उतरताना आपण पायऱ्यांचा विचार करीत नाही. ‘आता डावा पाय, आता उजवा’ असे म्हणत उतरू लागल्यास मात्र ठेच लागण्याचा संभव असतो. अंगवळणी पडलेली क्रिया मेंदू अखंड ओघाने चालवितो. तिच्यावर जाणीवपूर्वक देखरेख सुरू झाली की तिचे तुकडे पडतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमायस्टर यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की दडपणाखाली मनुष्य आपल्या हालचालीकडे अधिक लक्ष देऊ लागतो, आणि त्यामुळेच सराईत क्रिया बिघडते.

आपल्या कोहक्याच्या मुलीचे नेमके असेच झाले. ‘मनगट असे वळव, कोपर इतके ठेव’ असा विचार ती प्रत्येक चेंडूला करू लागली. आजोबांच्या प्रेमळ सूचनेने तिचे लक्ष हाताकडे आणखीच खिळले. ‘सैल सोड’ ही आज्ञा हाताला दिली की त्या आज्ञेच्या पालनासाठीच नवा प्रयत्न सुरू होतो. आणि प्रयत्न म्हणजे स्नायूंचा ताण. झोप आणण्याचा जो अट्टहास करतो त्याची झोप उडते, तसेच हे आहे. मग सैल व्हावे कसे? सरळ मार्ग बंद असला तरी तीन आडवाटा खुल्या आहेत: श्वासाची, ताणून सोडण्याची आणि लक्ष बाहेर वळविण्याची.

पहिली वाट: श्वास

हृदयाची गती हुकमाने मंद करता येत नाही. परंतु श्वास अंशतः आपल्या इच्छेच्या ताब्यात आहे. मनगटाच्या नाडीवर बोट ठेवून सावकाश श्वास घ्यावा व सोडावा. श्वास घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद होते, असे बारकाईने पाहणाऱ्यास, विशेषतः तरुण वयात, जाणवते. मेंदूपासून हृदयाकडे जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयास लगाम घालतो, आणि उच्छ्वासाच्या वेळी त्याचा लगाम अधिक आवळला जातो. म्हणून उच्छ्वास श्वासापेक्षा दीर्घ ठेवल्यास परानुकंपी विभागास बळ मिळते.

कृती सोपी आहे. नाकाने चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा. पोट पुढे येऊ द्यावे, खांदे वर उचलू नयेत. मग सहा अंक मोजेपर्यंत सावकाश सोडावा. एक अंक सुमारे एका सेकंदाचा धरला तर मिनिटास सहा श्वास होतात. दोन-तीन मिनिटे पुरेत. श्वास जोराने व भराभर घेऊ नये. तसे केल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते व हातांस मुंग्या येतात. येथे हेही सांगितले पाहिजे की रक्तातील ॲड्रेनॅलीन काही मिनिटांतच निम्म्यावर येते. भीतीचा नवा विचार त्याचा नवा पुरवठा मागवीत नसेल, तर पहिली लाट आपोआप ओसरते.

दुसरी वाट: ताणून सोडणे

शिकागो येथील वैद्य एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली स्नायू क्रमाक्रमाने सैल करण्याच्या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपण स्वस्थ पडलो आहोत असे ज्यास वाटते त्याच्याही स्नायूंत पुष्कळदा ताण शिल्लक असतो, आणि मनुष्यास त्याची जाणीव नसते, असे त्यांना आढळले. म्हणून त्यांनी युक्ती काढली ती अशी: स्नायू प्रथम मुद्दाम ताणावा, ताण कसा असतो ते ओळखावे, आणि मग तो सोडावा. ज्यास ताण ओळखता येतो त्यालाच तो सोडता येतो.

आपल्याकडे शवासनाची परंपरा याच्याशी जवळचे नाते सांगते. योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास व्हावा या हेतूने स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळा येथे कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांस शवासनाचा नियमित अभ्यास करावयास लावला. त्यांचा निबंध १९६९ साली प्रसिद्ध झाला. अनेक रुग्णांचा रक्तदाब या अभ्यासाने उतरल्याचे त्यांत नोंदविले आहे. स्वस्थ पडणे ही क्रिया शिकावी लागते आणि शिकल्यास तिचा परिणाम शरीराच्या स्वायत्त व्यापारांपर्यंत पोचतो, हा त्यातून घ्यावयाचा बोध होय.

खेळाडूने हा अभ्यास रात्री निजण्यापूर्वी करावा. पाठीवर पडून प्रथम पाऊल, मग पोटरी, मांडी, पोट, मूठ, दंड, खांदे, जबडा या क्रमाने एकेक भाग पाच सेकंद ताणावा आणि उच्छ्वासाबरोबर सोडून द्यावा. तीन-चार आठवड्यांत ‘सोडणे’ ओळखीचे होते. मात्र सामन्याच्या तोंडावर दीर्घ शवासन करू नये. त्याने अंग जडावते. त्या वेळी त्याचे छोटे रूप पुरते: खांदे कानांपर्यंत उचलून पाच सेकंद धरावे व एकदम खाली सोडावे; मूठ आवळून उघडावी; दातांवर दात असल्यास जबडा मोकळा करावा. हे दोन वेळा केले की काम भागते.

तिसरी वाट: लक्ष बाहेर

हाताकडे लागलेले लक्ष काढून घेण्यासाठी त्यास दुसरे स्थान द्यावे लागते. रिकामे लक्ष पुन्हा हाताकडेच धावते. चेंडूवर छापलेली खूण, प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटचा कोन, किंवा टेबलाचा जो कोपरा आपण लक्ष्य केला आहे तो, यांपैकी एक स्थान निवडावे. ‘मनगट वळव’ या आज्ञेऐवजी ‘चेंडू त्या कोपऱ्यात’ एवढाच विचार ठेवावा. मनगटास काय करावयाचे ते ठाऊक आहे.

या कामी खेळाचे नियमही साहाय्य करतात. सर्व्हिस करताना चेंडू उघड्या, सपाट तळहातावर स्थिर ठेवून तो किमान १६ सेंटिमीटर वर उडवावा लागतो. म्हणजे गुण सुरू होण्यापूर्वी एक हात उघडा असलाच पाहिजे, असा नियमच आहे. हा उघडा तळहात पाहताच दुसऱ्या हाताची मूठही किंचित सैल करावयाची, एवढी सवय लावून घ्यावी. एक दीर्घ उच्छ्वास, तळहातावर चेंडू, कोपऱ्यावर नजर, मग सर्व्हिस. हा क्रम प्रत्येक वेळी सारखाच ठेवावा. पहिला गुण असो की दहावर दहा झालेले असोत, क्रम बदलू नये. मनास धरावयास एक ओळखीचा कठडा मिळतो.

सामन्यापूर्वी टेबलावर दोन मिनिटे सराव मिळतो. प्रत्येक सहा गुणांनंतर घाम पुसण्यास थोडी उसंत असते, दोन डावांमध्ये एक मिनिट असते, आणि सामन्यात एकदा एक मिनिटापर्यंत विराम मागता येतो. धास्तावलेला खेळाडू या वेळा घाईने उडवून देतो, कारण त्यास प्रसंग एकदाचा संपवावयाचा असतो. त्याने उलट करावे. घाम पुसण्यापूर्वी रॅकेट टेबलावर ठेवावी, म्हणजे मूठ आपोआप उघडते. घाम पुसताना एक लांब श्वास सोडावा. नाव पुकारले जाण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत बाकावर बसून राहण्याऐवजी चालावे, हलकेच उड्या माराव्यात, पाय मोकळे करावेत. ज्या शक्तीची सोय शरीराने पळण्यासाठी केली आहे, ती पायांवाटे खर्च होऊ द्यावी. जेवण दोन-तीन तास आधी व हलके असावे. चहा-कॉफीने हाताचा कंप वाढतो हेही विसरू नये.

परक्या गोष्टीची भीती: मुंबई, १९५२

फेब्रुवारी १९५२ मध्ये मुंबई येथे टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा झाली. आशिया खंडात भरलेली ती पहिलीच जागतिक स्पर्धा होती. जपानचा चष्मा लावणारा हिरोजी सातो हा फारसा कोणास परिचित नसलेला खेळाडू स्पंजाचा जाड थर लावलेली रॅकेट घेऊन आला. तोपर्यंत लाकडावर बारीक उंचवट्यांचे रबर लावलेल्या रॅकेटने खेळण्याचा प्रघात होता, आणि चेंडू आदळताच स्पष्ट ‘टक’ असा आवाज होई. सातोच्या रॅकेटचा आवाज जवळजवळ होतच नसे, आणि चेंडूही अनपेक्षित वेगाने परत येई. मुरलेल्या खेळाडूंचे ठोकताळे चुकले. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवून सातो विजेता ठरला.

या विजयात रॅकेटच्या गुणांचा वाटा मोठा होता, यात संशय नाही. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातून दुसराही बोध निघतो. ज्या खुणांवर शरीर विसंबते, आवाज, वेग, उसळी, त्या एकाएकी बदलल्या की सराईत खेळाडूलाही प्रत्येक चेंडूचा विचार करावा लागतो. आणि विचार करावा लागला की हात मंदावतो. पुढे खेळाडूंना स्पंजाची ओळख झाली, १९५९ साली त्याच्या जाडीवर नियमाने मर्यादा आली, आणि सुरुवातीचा तो दरारा राहिला नाही. आज रबराखाली स्पंज असलेली रॅकेट शाळेतील मुलेही वापरतात. भीतीचा मोठा भाग अपरिचयाचा असतो.

म्हणून सामन्यासारखी परिस्थिती सरावातच आणावी. आठवड्यातून एकदा पंच नेमून, गुण मोठ्याने पुकारून, वर्गमित्रांस भोवती बसवून खेळावे. डाव नऊवर नऊ अशा स्थितीपासूनच सुरू करावा. २००१ साली शान बाइलॉक आणि थॉमस कार यांनी गोल्फचा चेंडू छिद्रात ढकलण्याच्या प्रयोगात काही जणांचा सराव चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यासमोर घेतला. पुढे दडपणाच्या प्रसंगी एकांतात सराव केलेल्यांचा हात बिघडला. कॅमेऱ्यासमोर सराव केलेल्यांचा बिघडला नाही. पाहणाऱ्या डोळ्यांचीही सवय होते. स्पर्धेच्या ठिकाणी थोडे लवकर जावे. तेथील उजेड, जमीन, टेबलाची उसळी आणि गलबला यांची ओळख करून घ्यावी.

मोठ्यांनी काय करावे

पालक व शिक्षक यांना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. ऐन सामन्यात हाताविषयी सूचना देऊ नये; द्यावयाचीच तर चेंडू कोठे टाकावा याविषयी द्यावी. आणि पराभवानंतर ‘तू घाबरलीस’ असे म्हणू नये. ‘हात कोणत्या गुणापासून आखडला?’ असे विचारावे. पहिले वाक्य मुलीच्या स्वभावावर ठपका ठेवते. दुसरे तिला निरीक्षण करावयास शिकविते. स्वभाव बदलणे कठीण असते, पण निरीक्षणातून सवय बदलता येते. मात्र छातीत दुखणे, वारंवार भोवळ येणे, किंवा खेळ संपल्यावरही दिवसचे दिवस न सुटणारी धास्ती असेल, तर तो सरावाचा विषय नसून वैद्यास दाखविण्याचा विषय आहे. मनाने कोणतेही औषध घेऊ नये.

आता पुन्हा कोहक्यास जाऊ. काही महिन्यांनी त्याच मुलीचा दुसरा सामना आहे असे समजा. पोटात गोळा याही वेळी येतो, तळवे याही वेळी गार पडतात. शरीराचा जुना स्वभाव काही महिन्यांत पालटत नाही. परंतु या खेपेस ती त्या खुणा ओळखते. ती बाकावरून उठून चालू लागते, खांदे उचलून सोडते, लांब उच्छ्वास टाकते. पहिली सर्व्हिस करताना तळहात उघडते आणि नजर समोरच्या कोपऱ्यावर ठेवते. बाकावरून आजोबा हाताविषयी काहीच बोलत नाहीत. ती जिंकेल की हरेल हे शास्त्र सांगू शकत नाही. समोरची मुलगीही सराव करूनच आलेली असते. परंतु आज जो सामना होईल तो तिच्या खऱ्या खेळाचा होईल, आणि घरी परतताना ‘माझ्यात ते नाहीच’ हे वाक्य तिच्या तोंडी येण्याचे कारण उरणार नाही.